लांब पल्ल्याची धाव आणि तिचे गुरू
(प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने)

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड., लासूर स्टेशन

इतिहास म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. वर्गात आम्ही शिक्षकही बहुतेक तेच सांगतो. परंतु मैदानालाही इतिहास असतो. त्यातही जिंकणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते आणि त्याला घडविणाऱ्याचे नाव पाचव्या ओळीत कोठेतरी येते किंवा येतच नाही. शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत तरी शिकवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जावा, म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्या भागात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले काही नवीन नाहीत. पोलीस भरती जवळ आली की गंगापूर, वैजापूर रस्त्यांवर मुलांचे थवेच दिसतात. भरती संपली की रस्ते पुन्हा ओस पडतात. पाय आहेत, दम आहे, गरज तर आहेच. मग यातून मोठा धावपटू का निघत नाही? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात मिळते, आणि ते उत्तर आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचते.

जुनी गोष्ट

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. धावणाऱ्यांत बरेचसे शेतकरी होते, अनवाणी धावणारे, ज्यांना शर्यतीचे नियमही धड ठाऊक नव्हते. तरीसुद्धा त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे दोराबजींच्या ध्यानात आले. त्यांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन सुमारे २ तास ५१ मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळविले. पुण्याच्या मैदानावर धावलेला मनुष्य वर्षभराच्या आत जगातील पहिल्या विसांत आला, यावरून आपल्या मातीत काय आहे ते कळावे.

त्यानंतर अधूनमधून मोठी माणसे निघाली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये शिवनाथ सिंग मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. १९७८ साली जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदविली. हरिचंद यांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ५,००० आणि १०,००० मीटर अशा दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके घेतली. गोपाल सैनी यांनी १९८१ साली ३,००० मीटर अडथळा शर्यत ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत धावून दाखविली.

याच काळातील एका गुरूंचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. ते म्हणजे इलियास बाबर. राजपुताना रायफल्समधील श्रीराम सिंग हा जवान लांबच्या शर्यती धावत असे. बाबरसाहेबांनी त्याची चाल ओळखून त्याला ४०० आणि ८०० मीटरकडे वळविले. हाच श्रीराम माँट्रियलच्या अंतिम फेरीत पहिल्या फेरीला सर्वांच्या पुढे होता आणि १ मिनिट ४५.७७ सेकंद वेळ देऊन सातवा आला. क्यूबाच्या हुआंतोरेनाने त्या शर्यतीत जागतिक विक्रम केला, आणि त्या विक्रमाचे श्रेय श्रीरामच्या वेगवान सुरुवातीलाही दिले. गीता झुत्शी याही बाबरसाहेबांच्याच शिष्या. १९९४ चा द्रोणाचार्य पुरस्कार बाबरसाहेबांना मिळाला.

पुढे काय झाले ते आकड्यांवरूनच पाहा. श्रीराम सिंगांचा विक्रम ४२ वर्षे, म्हणजे २०१८ पर्यंत टिकला. हरिचंद यांचा १०,००० मीटरचा १९७६ चा विक्रम २००८ पर्यंत टिकला. सैनी यांचा ३७ वर्षे टिकला. शिवनाथ सिंगांचा तर चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. एखादा विक्रम इतकी वर्षे टिकतो तेव्हा त्या धावपटूचे कौतुक करावे, हे खरेच. परंतु मागून येणाऱ्यांची वाट कोठेतरी बंद झाली, असाही त्याचा अर्थ होतो. एक गुरू गेला की त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली. त्याची वही दुसऱ्याच्या हाती पडली नाही. पिढ्यांची साखळी तुटली.

परदेशी प्रशिक्षक येतो

ही तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याच्या कामी २००५ साली बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव भारतात आले. बेलारूस हा पूर्वी सोव्हिएत संघाचा भाग होता आणि खेळाडूंना शास्त्रीय पद्धतीने घडविण्याची त्या देशांची परंपरा जुनी आहे. मध्यम व लांब पल्ल्याचे राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून त्यांच्याकडे जबाबदारी आली. माणूस कडक, बोलायला तिखट, शिस्तीच्या बाबतीत कोणाचीही गय न करणारा, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांच्या कामात महिला धावपटूंना मोठे स्थान मिळाले. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील प्रीजा श्रीधरन, वायनाडच्या ओ. पी. जैशा, उत्तर प्रदेशातील रायबरेलीच्या सुधा सिंग आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. बहुतेकजणी खेड्यातल्या आणि साध्या घरातल्या. बंगळूरच्या केंद्रात आणि उटीच्या डोंगरावर त्यांची शिबिरे चालत.

उटीच कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच आहे. तेथे हवा विरळ असते. श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर आपली सोय करून घेते आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. काही आठवडे तेथे सराव करून धावपटू खाली उतरला की वाढलेल्या पेशींचा त्याला शर्यतीत फायदा होतो. हा लाभ कायमचा टिकत नाही, म्हणून वर केव्हा जायचे आणि खाली केव्हा उतरायचे याचा हिशेब प्रशिक्षकाला ठेवावा लागतो.

बाकीची रीतही थोडक्यात सांगतो. लांब पल्ल्याचा धावपटू रोज जीव तोडून धावत नाही. आठवड्यातील बहुतेक धाव सावकाश, बोलता बोलता जमेल अशा चालीची असते. एखाद्या दिवशी बराच वेळ न थांबता धावायचे, एखाद्या दिवशी ठरावीक अंतराचे वेगवान तुकडे मधे विश्रांती घेऊन धावायचे, आणि त्यानंतर अंगाला सावरायला वेळ द्यायचा. झोप, जेवण आणि विश्रांती हा अभ्यासाचाच भाग समजायचा. हे सगळे वहीत लिहायचे. हा क्रम आठवडे, महिने, वर्षे चालतो. आपल्याकडची भरतीची मुले नेमकी येथेच चुकतात. ती वर्षभर स्वस्थ बसतात आणि शेवटच्या महिन्यात रोज पूर्ण जोराने धावतात. मग नडगी दुखते, गुडघा सुजतो, आणि मुलगा नशिबाला दोष देतो.

पाच वर्षांत काय उभे राहिले

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जैशा यांनी ५,००० मीटरचे कांस्यपदक घेतले. चार वर्षांनी, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत, १०,००० मीटरमध्ये प्रीजा श्रीधरन पहिल्या आणि कविता राऊत दुसऱ्या आल्या. दोघींत एका सेकंदापेक्षाही कमी अंतर होते. ५,००० मीटरमध्ये याच दोघींनी रौप्य व कांस्य आणले. महिलांची ३,००० मीटर अडथळा शर्यत आशियाई स्पर्धेत त्या वर्षी प्रथमच घेतली गेली, आणि तिचे पहिले सुवर्ण सुधा सिंग यांनी पटकावले. म्हणजे एका कांस्यावरून दोन सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य.

त्याआधी महिनाभर, ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊत यांनी १०,००० मीटरचे कांस्य मिळविले होते. पुढे दोन केनियाच्या धावपटू होत्या. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळविणारी ही पहिली भारतीय महिला. पुरुषांत तसे पदक १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगांनी आणले होते. मध्ये ५२ वर्षे गेली.

विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. १०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला २५ फेऱ्या. ग्वांगझूला कविता यांची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद होती. भागाकार केला की प्रत्येक फेरी सुमारे साडेशहात्तर सेकंदांची येते. आपल्या शाळेतील चपळ मुलगा एक फेरी तशी धावेल. तीच चाल पंचवीस वेळा राखणे, ही मात्र शिकविण्याची आणि शिकण्याची गोष्ट आहे.

नाशिकचे मैदान

परंतु स्नेसारेव यांच्यापाशी कविता राऊत आपोआप जाऊन पोहोचल्या नव्हत्या. हरसूल परिसरातील सावरपाडा हा आदिवासी पाडा. तेथील ही मुलगी अनवाणी धावत असे. धावण्याला सामान लागत नाही, खर्च लागत नाही, हेच तिच्या दृष्टीने या खेळाचे मोठेपण. शालेय स्पर्धांतून ती पुढे आली आणि नाशिकला भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर सराव करू लागली. पुढे सगळा महाराष्ट्र तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखू लागला.

विजेंदर सिंग यांचे काम एका पदकापाशी थांबले नाही, हे महत्त्वाचे. त्याच मैदानावरून चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधव ही भोसला मिलिटरी कॉलेजची विद्यार्थिनी तयार झाली. २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने ५,००० मीटरचे कांस्य घेतले, आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्य आणले. महाविद्यालयाच्या मैदानाने जगाच्या विद्यापीठांना दिलेले हे उत्तर होते.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. २०१८ साली संजीवनीच्या चाचणीत प्रोबेनेसिड हे निषिद्ध द्रव्य आढळले आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ऐन उमेदीची दोन वर्षे गेली. बंदी संपल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली आणि राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा जिंकू लागली. पडलेला मनुष्य परत उभा राहू शकतो, हा त्यातील एक धडा. दुसरा धडा पालकांसाठी आहे. व्यायामशाळेत किंवा बाजारात मिळणारी पावडर, गोळी वा इंजेक्शन जाणकार डॉक्टरांना विचारल्याखेरीज मुलाच्या हाती देऊ नये. नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची.

माणदेश ते रिओ

सातारा जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. तेथील मोही गावच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळत, मग धावण्याकडे वळल्या. स्नेसारेव यांनी त्यांना अडथळा शर्यतीसाठी तयार केले. या शर्यतीत ३,००० मीटर अंतरात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. नुसता दम पुरत नाही. थकलेल्या पायांनी उडी नीट मारावी लागते. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ साली वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, असा त्यांचा चढता प्रवास झाला. १५ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. १९८४ साली पी. टी. उषा लॉस एंजेलिसला अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला धावण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दिसली, आणि ती माणदेशची होती.

त्याच रिओमध्ये मॅरेथॉन संपविताच जैशा कोसळल्या. वाटेतील पाण्याच्या सोयीवरून मोठा वाद झाला आणि त्यात स्नेसारेव यांचेही नाव आले. स्पर्धेनंतर त्यांनी भारत सोडला. इतिहास लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. कडक शिस्तीने माणसे घडतात, तशी काही दुखावतातही. शिष्याचे म्हणणे ऐकून घेणे हाही शिकविण्याचाच भाग आहे, हे आम्हा शिक्षकांना यातून शिकण्यासारखे आहे.

मराठवाड्याचा अविनाश

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १९९४ साली अविनाश साबळे यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. शाळा लांब, गाडी नाही, म्हणून पायी किंवा धावत जाणे आलेच. बारावीनंतर ते लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या बर्फातही त्यांनी नोकरी केली. खेळात ते आले ते लष्करातील क्रॉस कंट्री शर्यतींतून, वयाची विशी ओलांडल्यावर. लष्करी प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्यांना अडथळा शर्यतीकडे वळविले.

पुढे स्नेसारेव पुन्हा भारतात आले आणि काही काळ साबळे त्यांच्या शिबिरात होते. परंतु ती पद्धत त्यांना मानवली नाही. ते पुन्हा अमरीशकुमार यांच्याकडे गेले. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी सैनी यांचा ३७ वर्षांचा विक्रम मोडला. वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंद. पुढच्या वर्षी स्नेसारेव यांनी भारतातील काम सोडले. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत साबळे अंतिम फेरीत पोहोचले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. तरी त्या रौप्याचे मोल मोठे आहे, कारण १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच घेऊन जात असे. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण घेतले. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद झाली. सदतीस वर्षे न हललेला आकडा सहा वर्षांत सुमारे एकवीस सेकंदांनी खाली आला. या प्रवासात पुढे अमेरिकन प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांचाही हात लागला. एका शिष्याला किती गुरूंचे हात लागतात, हे यावरून दिसते.

शेवटचा मुक्काम

टोकियो ऑलिम्पिक जवळ आले तेव्हा भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने स्नेसारेव यांना पुन्हा बोलावले. वय ७२ झाले होते. मार्च २०२१ च्या आरंभी ते भारतात परतले आणि बंगळूरहून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत आले. ५ मार्च रोजी तेथे स्पर्धा होती. स्पर्धेच्या ठिकाणी ते दिसले नाहीत, म्हणून वसतिगृहातील खोलीत पाहिले, तेव्हा त्यांचा मृत्यू झाल्याचे आढळले. आपल्या देशापासून हजारो कोस दूर, दुसऱ्यांच्या मुलांना धावायला शिकविता शिकविता हा मनुष्य गेला. ज्या शिष्यांशी वाद झाले, मतभेद झाले, त्यांच्याही कारकिर्दीत त्याचा वाटा होता.

आपल्यासाठी

पालक बंधू-भगिनींनो, या इतिहासाचे सार मला असे दिसते. फडेप्पा चौगुले यांच्यापासून अविनाश साबळे यांच्यापर्यंत पाय आपल्याच मातीचे आहेत. ज्या ज्या काळी मैदानावर एखादा माणूस घड्याळ आणि वही घेऊन वर्षानुवर्षे उभा राहिला, त्या त्या काळी पदके आली. तो माणूस नसला की तीच माती गप्प राहिली. सावरपाडा, मोही, मांडवा ही गावे लासूर स्टेशनपेक्षा मोठी नाहीत, सोयींनी तर मुळीच नाहीत.

आपल्या शाळेला मैदान आहे. ४०० मीटरची आखणी चुन्याने होते. घड्याळ आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. वही पंचवीस-तीस रुपयांत मिळते. उरतो तो माणूस. आठवड्यातून चार दिवस, सकाळी एक तास, वर्षाचे बारा महिने उभा राहणारा एक शिक्षक आणि एक शिक्षिका इतकेच भांडवल आरंभाला पुरेसे आहे. शिक्षक बदलून गेला तरी वही शाळेत राहावी, पुढच्याने ती पुढे चालवावी. म्हणजे साखळी तुटणार नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा सांगतो. आपल्या घरांतून काळजी व्यक्त होते, आणि ती करण्याचा आई-वडिलांना अधिकार आहे. ठरलेली वेळ, सोबत शिक्षिका, आणि घरच्यांना पटेल असा पोशाख, एवढी व्यवस्था झाली तर अडचण राहू नये. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत बहरीनच्या रुकय्या अल घसरा यांनी डोके झाकून २०० मीटरचे सुवर्ण जिंकले होते. पोशाख आडवा आला नाही. आड येते ते दहावीनंतर मुलीचे मैदान आणि पुष्कळदा शाळाही बंद करणे.

अभ्यास बुडेल ही भीतीही मनातून काढावी. ललिता बाबर पुढे महसूल खात्यात अधिकारी झाल्या, साबळे यांना लष्कराची नोकरी आहे. पहाटे उठून ठरल्याप्रमाणे धावणारे मूल अभ्यासालाही ठरल्याप्रमाणे बसते, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. सर्वच मुले पदके आणणार नाहीत. परंतु वर्षभर नेमाने धावलेला मुलगा भरतीच्या दिवशी दम लागून बाजूला बसणार नाही, आणि नेमाने धावलेली मुलगी अंगात रक्त कमी आहे का, जेवण पुरेसे आहे का, हे तरी वेळेवर तपासून घेईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही धावा. आणि ज्यांनी तुम्हाला धावायला शिकविले त्यांची नावे लक्षात ठेवा. पालकांना एवढीच विनंती की सकाळचा तो एक तास मुलांना द्यावा. घड्याळ आणि वही घेऊन उभे राहण्याचे काम आमचे.